सोळा आणे जमीन आणि सरासरीची शेती

जुलैच्या उत्तरार्धात पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली, की दख्खनच्या पठारावरील कोणत्याही गावात एक दृश्य हमखास दिसते. माळाच्या कडेचे सोयाबीन दुपारी माना टाकते, मधल्या उतारावरचे पीक पिवळे पडू लागते आणि ओढ्याकाठच्या काळीत त्याच दिवशी पेरलेले तेच बियाणे हिरवेगार उभे असते. पाऊस तिन्ही शेतांवर सारखाच पडलेला असतो; खतही बहुधा एकाच दुकानातून आलेले असते. फरक असतो तो मातीच्या खोलीचा. मीटरभर खोल काळी जमीन पिकाच्या उपयोगी पडेल असे सुमारे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात साठवून ठेवते. वीतभर मातीखाली मुरूम लागणारी बरड जमीन तीस-चाळीस मिलिमीटरच्या पलीकडे फारसे धरीत नाही. वाढत्या पिकाला दिवसाकाठी चार-पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर पहिल्या शेताला महिनाभराचा आधार आहे आणि दुसऱ्याला जेमतेम आठवड्याचा.

गावातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. प्रश्न असा, की शेतीचे नियोजन करणाऱ्या यंत्रणेला ते ठाऊक आहे काय? पीककर्जाचे दर जिल्हा पातळीवरील समिती पिकागणिक ठरविते. जिरायत आणि बागायत एवढा भेद ती करते. पण भारी जमिनीतील जिरायत कापूस आणि हलक्या जमिनीतील जिरायत कापूस तिच्या लेखी एकच. पीकविम्याचा घटक महसूल मंडळ हा आहे. मंडळातील काही शेतांत पीककापणी प्रयोग होतात आणि त्यांची सरासरी सर्वांना लागू होते. काळीतले पीक तगले, की बरडावर सर्वस्व गमावलेल्या माणसाचे नुकसान त्या सरासरीत विरून जाते. निसर्गाने एका गावात तीन प्रकारची शेते निर्माण केली. नियोजनाने त्यांचे एकच शेत करून टाकले. या चुकीची किंमत मात्र प्रत्येक वेळी हलक्या जमिनीचा धनी मोजतो.

पहारीने केलेला नकाशा

जमिनीची प्रत शेतागणिक पाहणे ही कल्पना या प्रांताला नवी नाही. पेशवाईच्या अस्तानंतर पुणे भागात प्रिंगल यांनी जी पहिली पाहणी केली, तिच्यात निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा धरला होता. उत्पन्नाचे ते आडाखे कागदावर शास्त्रशुद्ध दिसत होते. प्रत्यक्षात सारा इतका भारी झाला, की शेतकरी जमिनी टाकून निघून जाऊ लागले. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने काम हाती घेतले. अमुक शेतात किती पिकेल याचे अंदाज बांधण्याऐवजी एका शेताच्या तुलनेत दुसरे शेत किती मोलाचे, एवढेच त्यांनी ठरविले. १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीला पक्के रूप मिळाले.

ही पद्धत आजही थक्क करणारी वाटते. प्रतबंदी करणारा कारकून शेताचा आराखडा कागदावर काढी, त्याचे भाग पाडी आणि प्रत्येक भागात खोदून मातीची खोली पाही. पावणेदोन हात खोल, एकजिनसी काळी जमीन सोळा आण्यांची. खोली कमी होत जाईल, माती भरड होत जाईल, तसतसे मोल चौदा, बारा, दहा असे उतरे. नवव्या आणि शेवटच्या वर्गाची जमीन दोन आण्यांची ठरे. त्याशिवाय दोषांची यादी वेगळी होती. चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, पाणी न जिरणे, वाहत्या पाण्याने माती धुपणे, पाणी साचून राहणे, अशा प्रत्येक दोषाला एक खूण होती आणि दोष आढळला, की जमीन खालच्या वर्गात जाई. भूमि-अभिलेख कार्यालयांतील टिपण आणि प्रतिबुक ही त्या कामाची साक्ष होय. पीकपाण्याची जी आणेवारी पुढे पैसेवारी झाली, ती वेगळी. ही मोजदाद खुद्द जमिनीची होती.

अर्थात, परकीय सत्तेने हे श्रम शेतकऱ्याच्या कल्याणासाठी घेतले नव्हते. तिला सारा हवा होता आणि तो बुडू नये एवढीच तिची चिंता होती. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. शेतकऱ्याकडून घेण्यासाठी त्या सरकारने प्रत्येक शेतात पहार घातली. शेतकऱ्याला देण्याची वेळ आली, तेव्हा स्वराज्यातील यंत्रणा जिल्ह्याच्या आणि मंडळाच्या सरासरीवर थांबली. साऱ्याचे महत्त्व ओसरले, तशी ती प्रतिबुकेही कपाटात गेली आणि जमिनीची खोली हा विषय सरकारी कागदावरून जवळजवळ पुसला गेला.

आकाशातून दिसते ते आणि न दिसते ते

या अवधीत साधने मात्र कल्पनेपलीकडे बदलली. १९५६ साली केंद्र सरकारची अखिल भारतीय मृद व भूमी उपयोग पाहणी सुरू झाली. जुलै १९७२ मध्ये अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह पृथ्वीची चित्रे घेऊ लागला. राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो १९७६ साली अस्तित्वात आला आणि त्याचे मुख्यालय नागपुरात आहे. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारताचा स्वतःचा सुदूर संवेदन उपग्रह अवकाशात गेला. त्याच वर्षी महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच स्थापन झाले. आज भारतीय उपग्रह अडीच मीटर आणि त्याहून सूक्ष्म तपशील टिपतात. उतार, माती, पाऊस, भूजल, पीक आणि गटांच्या हद्दी यांचे वेगवेगळे नकाशे संगणकावर एकावर एक ठेवून पाहता येतात. भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात ती हीच. पूर्वी तेलकागदावर नकाशे उतरवून ते काचेवर एकमेकांवर धरीत. त्याच कामाला आता वेग आणि अचूकता आली आहे.

तथापि या साधनांविषयी एक गैरसमज पसरला आहे. उपग्रहाने छायाचित्र घेतले, की जमिनीचा नकाशा आपोआप तयार होतो, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. उपग्रहाला जमिनीचा रंग दिसतो, ओलावा आणि हिरवळ कळते, धुपीच्या घळी दिसतात; मातीखाली मुरूम किती हातांवर लागतो हे त्याला दिसत नाही. म्हणून सर्वेक्षक प्रथम समोच्च रेषांवरून उतार आणि चित्रावरून भूरूपे वेगळी काढतो. माथा, उतार, पायथा, ओढ्याकाठचा सपाट पट्टा अशी ती भूरूपे असतात. मग माथ्यापासून ओढ्यापर्यंत एक रेषा धरून तो चालत जातो, ठिकठिकाणी खड्डे खोदतो, थरांचा रंग, पोत आणि चुन्याचे प्रमाण तपासतो, नमुने प्रयोगशाळेत पाठवितो. एका भूरूपावर जे आढळले ते तशाच दुसऱ्या भूरूपावर आढळेल असा तर्क करतो आणि तो तर्क पुन्हा खोदून पडताळतो. उपग्रहामुळे खड्ड्यांची संख्या घटली, त्यांच्या जागा शहाणपणाने निवडता येऊ लागल्या. खोदण्याला पर्याय मात्र निर्माण झालेला नाही. विंगेट यांच्या कारकुनाची पहार अजून निवृत्त झालेली नाही.

एक सेंटिमीटरचा प्रश्न

मग एवढी साधने असून शेतकऱ्याच्या हाती काय आले? याचे उत्तर नकाशाच्या प्रमाणात दडलेले आहे. राज्यांचे मृदा नकाशे तयार झाले ते १:२,५०,००० या प्रमाणावर. म्हणजे नकाशावरील एक सेंटिमीटर ही जमिनीवरील अडीच किलोमीटर होय. राज्यात कोणत्या पट्ट्यात कोणत्या माती आहेत, धूप कोठे अधिक आहे, हे सांगण्यास असा नकाशा समर्थ आहे आणि त्याचे ते कार्य मोलाचे आहे. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारणा १.३४ हेक्टर उरली आहे. १९७०-७१ साली ती ४.२८ हेक्टर होती. एक हेक्टरचे चौकोनी शेत या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरहून लहान ठरते. पेन्सिलीच्या टोकाखाली ते झाकून जाईल. तेच शेत १:१०,००० प्रमाणावर एक सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद दिसते. त्यात माथा आणि ओढ्याकाठ वेगळा रंगविता येतो. त्यावर गट क्रमांक लिहिता येतो.

१९ फेब्रुवारी २०१५ पासून देशभर मृदा आरोग्य पत्रिका देण्याची योजना सुरू झाली. तिने मातीपरीक्षण घरोघर नेले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु तिच्यासाठी माती घेतली जाते ती वरच्या वीतभर थरातली. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब यांची नोंद तीत असते. जमिनीची खोली, उतार आणि निचरा यांची नसते. शिवाय नमुन्याचे जाळे बागायतीत अडीच हेक्टरांचे आणि जिरायतीत दहा हेक्टरांचे ठरविलेले होते. जिथे जमीन पावलागणिक बदलते, त्या डोंगरउताराच्या जिरायतीतच जाळ्याची वीण सैल! खताची मात्रा सांगणारा कागद मिळाला. ते खत घालावे असे पीक या जमिनीत घ्यावे की नाही, हा आधीचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

सरसकटपणाची किंमत

सरसकट उपाय कसे फसतात, याचे दाखले याच मातीत आहेत. मुंबई प्रांतात १९४२ साली जमीनसुधारणा योजनांचा कायदा झाला आणि पुढील दशकांत बांधबंदिस्तीची मोठी कामे झाली. हलक्या व मध्यम जमिनींवर समपातळी बांधांनी माती आणि पाणी दोन्ही अडविले. तेच बांध खोल काळ्या जमिनीवर घातले गेले, तेव्हा पाणी जिरेना. ते बांधालगत तुंबले, पिके सडली आणि कित्येक बांध फुटले. काळी जमीन भिजली की फुगते आणि पाणी आत घेईनाशी होते, वाळली की भेगाळते. तिला हवे होते ढाळीचे बांध, जादा पाणी हळूहळू बाहेर नेणारे. तंत्र चुकीचे नव्हते. कोणत्या जमिनीवर कोणते तंत्र, हे सांगणारा नकाशा हाताशी नव्हता.

पाण्याची कथा याहून जुनी आणि याहून कडू आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. दुष्काळी टापूत पाणी आले, ऊस आला आणि एका पिढीच्या आतच काळ्या सखल जमिनींवर पांढरे क्षार फुटू लागले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींचा अभ्यास १९१० सालीच प्रसिद्ध केला होता. निचरा नसलेल्या जमिनीला बारमाही पाणी दिले तर काय होते, याचे उत्तर तेव्हापासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. असे असूनही सांगली-कोल्हापूरकडील नदीकाठच्या उत्तम मळ्या पुढच्या काळात चोपण झाल्या. आज तेथील शेतकरी पदरचे पैसे घालून जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकीत आहेत. कालव्याचा नकाशा आणि मातीचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिले असते, तर कोणत्या शेताला किती पाणी सोसेल हे पाणी सोडण्यापूर्वीच कळण्याजोगे होते.

आणखी एक चूक अशी, की ती कोणत्याही नळीने सुधारत नाही. याच मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाच्या जमिनीचा आणि तुकडेवारीचा अभ्यास करून १९१७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ते गाव आता पिंपरी-चिंचवड शहराच्या पोटात आहे. मान यांनी नोंदलेल्या शेतांवर इमारती उभ्या आहेत. शहरे वाढणार, रस्ते होणार, हे अटळ आहे. पण ज्या जमिनीला निसर्गाने मीटरभर माती दिली ती शेवटी घ्यावी आणि माळ आधी घ्यावा, एवढा विवेक नियोजनाकडून अपेक्षिणे गैर नाही. त्यासाठी कोणती जमीन कोणत्या प्रतीची, हे आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर आधी असले पाहिजे.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

या विचारावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की शेतकऱ्याला आपली जमीन ठाऊकच असते. नकाशा त्याला नवीन काय सांगणार? यात मोठे तथ्य आहे. विदर्भातला शेतकरी काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी वर्गवारी पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. परंतु त्याला आपला बांध ठाऊक आहे, बांधापलीकडच्या उतारावरून येणारे पाणी आणि खालच्या खडकातला झरा त्याच्या एकट्याच्या आवाक्यात नाही. शिवाय त्याला जे ठाऊक आहे ते बँकेला, विमा कंपनीला आणि कृषी कार्यालयाला ठाऊक नाही. नकाशा हवा तो शेतकऱ्याला शिकविण्यापेक्षा या मंडळींना शिकविण्यासाठी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जमिनीवर ‘हलकी’ असा शिक्का बसला, की तिची किंमत पडेल, बँक कर्ज नाकारील, उद्या एखादा अधिकारी अमुकच पीक घ्या असा हुकूम काढील. ही भीती अनाठायी नाही. तिचे उत्तर जमीन-मूल्यमापनाच्या शास्त्रातच आहे. अमेरिकेत विकसित झालेली जुनी क्षमता-वर्गवारी जमिनीचे आठ वर्ग करते. पहिले चार नांगरटीला योग्य, उरलेले चार गवत, झाडे आणि वन्यजीवनासाठी. ही उतरंड उपयुक्त आहे, पण ती जमिनीला थोर आणि हीन ठरविते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९७६ साली मांडलेली चौकट निराळा प्रश्न विचारते. जमीन चांगली की वाईट, असे ती विचारीत नाही. कशासाठी चांगली, असे विचारते. कापसाला अयोग्य ठरलेली बरड जमीन सीताफळाला, चाऱ्याला किंवा लवकर येणाऱ्या कडधान्याला योग्य असू शकते. भातखाचराला उत्तम असलेली चिकण जमीन संत्र्याची मुळे कुजविते. अशा नकाशाने शेतकऱ्याचे पर्याय कमी होत नाहीत, ते त्याच्यापुढे मांडले जातात. मात्र तो सल्ला राहावा, हुकूम होऊ नये आणि त्याच्या आधारे कर्ज नाकारता येऊ नये, ही तरतूद शासनाने नियमांतच करावयास हवी.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. पीक ठरवितो तो बाजार, माती नव्हे. उसाला खात्रीचा दर आणि ज्वारीला भाव नाही, अशा स्थितीत नकाशा पाहून कोणी ऊस सोडील, हे संभवत नाही. हे खरेच आहे. म्हणून नकाशा म्हणजे नियोजन नव्हे. नियोजनाची ती पहिली पायरी आहे. भाव, पाणीवाटप आणि कर्ज यांची धोरणे त्याच्याशी जोडली नाहीत, तर तो दिवाणखान्यातील चित्रासारखा भिंतीवर टांगलेला राहील.

शेजाऱ्याचा धडा

हे सारे अशक्य कोटीतले नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०१२ नंतर ‘सुजला’ प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात लहान लहान पाणलोटांची मृदपाहणी थेट गावनकाशाच्या, म्हणजे १:७,९२० या प्रमाणावर केली. सर्वेक्षकांनी उपग्रहाचे चित्र आणि गावनकाशा बरोबर घेऊन शेताशेतांत खोदून पाहिले आणि सर्व्हे नंबरवार शिफारशी दिल्या. महाराष्ट्रात २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पाच हजारांहून अधिक गावांचे पाण्याचे ताळेबंद मांडले. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, मातीने किती धरला, याचे गणित मुंबईच्या आयआयटीच्या साह्याने बसविले गेले. त्या गणितात मातीची खोली हा एक निर्णायक आकडा आहे. तो आकडा ढोबळ नकाशावरून घेतला, तर ताळेबंदही ढोबळच होतो, हे वेगळे सांगावयास नको.

मार्ग यातूनच दिसतो. राज्यातील सर्व पाणलोटांची १:१०,००० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणावरील मृदपाहणी ठराविक मुदतीत पुरी करावी. प्रारंभ अवर्षणप्रवण तालुक्यांपासून करावा, कारण चुकीची किंमत तेथे सर्वांत जास्त आहे. जुन्या प्रतिबुकांतील प्रतबंदी नव्या नकाशाशी ताडून पाहावी. पावणेदोनशे वर्षांत किती माती वाहून गेली, याचा अंदाज देणारे इतके जुने आणि शेतवार साधन फार थोड्या प्रदेशांपाशी आहे. सातबाऱ्याबरोबर जमिनीची खोली, उतार, निचरा आणि योग्य पिके सांगणारा एक साधा कागद शेतकऱ्याला मिळावा. गावाचा मृदा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सर्वांना दिसेल असा लागावा. पीककापणी प्रयोगांची शेते निवडताना भारी आणि हलकी जमीन वेगळी धरावी, म्हणजे विम्याची सरासरी निदान आपापल्या वर्गापुरती तरी खरी होईल.

शाळा-महाविद्यालयांनाही यात वाटा आहे. भूगोलाच्या पुस्तकात जगातील मृदांचे प्रकार पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या गावची माती किती हात खोल आहे, हे क्वचितच विचारले जाते. शिक्षकांनी एका पावसाळ्यात विद्यार्थ्यांना माथ्यापासून ओढ्यापर्यंत एकदा चालवीत नेले, चार ठिकाणी खोदून दाखविले, तर नकाशा म्हणजे काय आणि तो कशासाठी, हे दोन्ही त्यांना एका दिवसात उमजेल. उद्याचे तलाठी, बँक अधिकारी आणि कृषी सहायक याच वर्गांतून येणार आहेत.

सोळा आण्यांची जमीन आणि दोन आण्यांची जमीन यांत भेद आहे, हे सारा गोळा करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. तो भेद ओळखूनच त्यांनी आपली तिजोरी सांभाळली. आजच्या राज्याला सांभाळायचे आहे ते दोन आण्यांच्या जमिनीवर जगणारे कुटुंब. त्याच्या शेतापर्यंत उपग्रहाची नजर पोचली आहे. पहारीसह माणूस पोचावयाचा राहिला आहे.